दोन क्रेडिटचं आरोग्य

शेवटचा तास. बारा वाजून दहा मिनिटं झालेली. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज, प्रथम वर्षाचा वर्ग, आणि निम्म्या मुलामुलींचं लक्ष पाऊणच्या एसटीकडे. जिमखान्याचे सर आत आले. फळ्यावर काही लिहिलं नाही, पुस्तकही उघडलं नाही. म्हणाले, "हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी धरा आणि तोंडात घाला. वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे." वर्ग हसला. मग एकेकानं करून पाहिलं. बहुतेकांची तीन बोटं सहज गेली. मागच्या बाकावरच्या एका मुलाची दोनच गेली. त्यानं पुन्हा जोर लावला, मान तिरकी केली आणि मग हळूच हात खाली घेतला. सर वर्गात काही बोलले नाहीत. तास सुटल्यावर त्याला व्हरांड्यात थांबवून विचारलं, "कधीपासून खातोस?" तो खाली बघत म्हणाला, "आठवीपासून, सर."

खातोस म्हणजे मावा. नगरच्या माणसाला तो काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घासघासून मऊ करायचा आणि दाढेखाली धरायचा. टपरीवर समोर घोटून मिळतो. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. डॉक्टर त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातल्या काहींना तोंडाचा कर्करोग होतो. तीन बोटांची ही तपासणी दंतवैद्यांच्या रोजच्या वापरातली आहे. तिला खर्च नाही, यंत्र नाही, आणि ती करणाऱ्याला स्वतःलाच उत्तर कळतं.

त्या वर्गात मी मागे बसलो होतो. नव्या शैक्षणिक धोरणात 'आरोग्य आणि स्वास्थ्य' हा विषय पदवीच्या चौकटीत आला आहे. तो आमच्या जिल्ह्यात काय करतो आहे आणि काय करू शकेल हे पाहावं म्हणून मी हिंडतो आहे. जे दिसलं आणि जे वाटलं ते इथे मांडतो.

आधी चौकट. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा जाहीर केला, त्यात सर्व विद्यार्थ्यांसाठीच्या मूल्यवर्धित अभ्यासक्रमांमध्ये आरोग्य, योग, क्रीडा आणि तंदुरुस्ती यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्र शासनानं २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात हा विषय सहअभ्यासक्रमांच्या टोपलीत ठेवला. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ पासून ही रचना स्वीकारली. एका सत्राला दोन क्रेडिट, म्हणजे तासाच्या हिशेबानं तीस तास, प्रात्यक्षिक धरलं तर साठ. पण त्या टोपलीत आरोग्य एकटं नाही. एनएसएस आहे, एनसीसी आहे, सांस्कृतिक उपक्रम आहेत, कला आहेत. विद्यार्थी यातलं एक उचलतो, आणि जे उचलतो ते बहुतेकदा वेळापत्रक आणि उपलब्ध शिक्षक ठरवतात.

माझं पहिलं म्हणणं इथेच आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये आदेश दिला आणि त्यातून पुढे पर्यावरणाचा विषय प्रत्येक पदवीधराला अनिवार्य झाला. तो कसा शिकवला जातो यावर तक्रारी असतील, पण तो टाळता येत नाही. स्वतःचं शरीर मात्र टाळता येतं. अकरावी-बारावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' असतं, तिथे श्रेणी मिळते आणि विषय संपतो. त्यानंतर अठरा ते एकवीस ही वर्षं येतात. याच वयात मूल घराबाहेर पडतं, पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं खातं, पहिल्यांदा व्यसनाला हात लावतं, कुणाच्या प्रेमात पडतं, कुणाचं लग्न ठरतं. नेमकी हीच वर्षं पर्यायावर सोडली आहेत.

स्वास्थ्य म्हणजे वेलनेस, आणि ही कल्पना अमेरिकेतून आली. ॲमहर्स्ट कॉलेजमध्ये १८६१ मध्ये एडवर्ड हिचकॉक यांच्याकडे आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचं प्राध्यापकपद आलं, तेव्हापासून कॉलेजनं विद्यार्थ्याच्या शरीराकडेही लक्ष द्यावं हा विचार तिकडे रुजला. शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये हॅल्बर्ट डन यांच्या पुस्तकानं वेलनेसला आजचा अर्थ मिळवून दिला. मधे १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनं आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे असं सांगितलं. या साऱ्याचा गाळ होऊन आज पाठ्यपुस्तकात एक चाक येतं: शारीरिक, मानसिक, सामाजिक, भावनिक, आध्यात्मिक अशा पाकळ्यांचं. चाक चुकीचं नाही. पण ते ज्या विद्यार्थ्यासाठी काढलेलं आहे तो वसतिगृहात राहतो, त्याच्या हाताशी व्यायामशाळा आहे, तो काय खायचं ते स्वतः निवडतो. आमची मुलगी पाथर्डीच्या वाडीवरून सकाळी सहाच्या गाडीनं निघते आणि घरात जे शिजतं ते खाते.

बीएमआयचंच घ्या. प्रत्येक पुस्तकात हा तक्ता असतो. वजन भागिले उंचीचा वर्ग, पंचवीसच्या आत असाल तर ठीक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा. भारतीय शरीराची ही ठेवण याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांच्या अभ्यासातून मांडली. ती गावं आमच्या गावांसारखीच आहेत. म्हणून आपल्याकडचे तज्ज्ञ तेवीसच्या पुढे सावध व्हायला सांगतात आणि पोटाचा घेर मोजायला सांगतात: पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८०. शिंप्याची टेप आणि दोन मिनिटं एवढंच त्याला लागतं. वर्गात हे करून घेतलं तर मुलं घरी जाऊन वडिलांचंही पोट मोजतात. मधुमेहाचं पहिलं बोलणं तिथून सुरू होतं.

आता रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे शाळा वाढल्या, रस्ते झाले, हातात मोबाइल आले आणि रक्त उतरलं. सरकारची यावरची योजना शाळेत पोचते. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेतून, शाळेबाहेरच्या मुलींना अंगणवाडीतून, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. बारावी झाली की मुलगी शाळेच्या हजेरीतून सुटते. अंगणवाडीच्या यादीत ती पुन्हा येते ती लग्नानंतर, पोटात बाळ असताना. मधली तीन-चार वर्षं तिच्या रक्ताची विचारपूस करणारं कुणी नाही. कॉलेज आहे, पण कॉलेज ते आपलं काम मानत नाही.

एका तपासणी शिबिरात मी मुलींची रांग पाहिली आहे. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा उमटतो. एका मुलीचा ८.९ आला. बिगर-गरोदर बाईला १२ लागतं. ११ च्या खाली मध्यम, ८ च्या खाली तीव्र. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला चक्कर येत नाही. फक्त जिना चढताना दम लागतो." मॅडमनी विचारलं, सकाळी काय खाऊन निघतेस? "चहा." आणि डबा? "बारा वाजता. चहाबरोबर." इथे पुस्तकातला समतोल आहार उपयोगाचा नाही. इथे एवढं सांगणं उपयोगाचं, की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर अंतर ठेव. भाकरीबरोबर लिंबू पिळ. गोळी घेतलीस तर शौचाला काळं होईल, घाबरू नको, बंद करू नको. या तीन गोष्टी तिला आजवर कुणी सांगितल्या नव्हत्या, आणि तिनं बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं.

आहाराच्या बाबतीत आमचा जिल्हा गरीब नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. जादा लोहाचं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेच्या कामातून पुढे आलं आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालं, त्यात या विद्यापीठाचा हात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरातली मुलं सारखी आजारी पडू लागली तेव्हा त्यांनी गावरान बियाणं जपायला सुरुवात केली, वाल-घेवड्याच्या कितीतरी जाती गाडग्यामडक्यांत राखून ठेवल्या आणि बियाण्याची बँक उभी केली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री मिळाली. प्रथिनं, लोह, ऋतूप्रमाणे खाणं हा आरोग्याच्या अभ्यासक्रमातला आख्खा घटक त्या घरात मांडलेला आहे. मुलांना तिथे एक दिवस नेलं तर सहा तासांचं काम होईल. आणि मुलं मग आपल्या आजीला विचारतील की हुलग्याचं माडगं कसं करायचं.

व्यायामाबद्दल मला थोडंच बोलायचं आहे, कारण आमच्याकडे तो शिकवावा लागत नाही. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर या, पोरं पळताना दिसतील. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांच्या बोलण्यात याला नुसतं 'ग्राउंड' म्हणतात. "ग्राउंड निघालं का?" म्हणजे तू पास झालास का. ही आमच्या जिल्ह्यातली शरीराबद्दलची सगळ्यात मनापासून चाललेली साधना आहे, आणि अभ्यासक्रमात तिचा उल्लेखही नाही. डांबरी रस्त्यावर साध्या बुटात पळून नडगी धरते, पाणी न पिता पळतात, कुणीतरी सांगितलं म्हणून डब्यातली पावडर घेतात, कुणी इंजेक्शन घेतं. भरतीचं वय संपलं की व्यायाम त्याच दिवशी थांबतो आणि दोन वर्षांत पोट सुटतं. आरोग्याच्या शिक्षकानं ग्राउंडवर जाऊन या मुलांशी बोलावं. ती ऐकतील, कारण तिथे त्यांची गरज आहे.

मनाच्या आरोग्याचा घटक सगळीकडे 'ताणतणावाचे व्यवस्थापन' या नावानं येतो. दीर्घ श्वास, ध्यान, वेळेचं नियोजन. यातलं काही वाईट नाही. पण २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्या वर्षी महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता, हे माहीत असताना केवळ श्वासावर थांबणं मला पटत नाही. मुलांना तीन गोष्टी सरळ सांगायला हव्यात. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुन्हेगार मानला जात नाही, त्याला उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. 'टेलिमानस' या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि मित्र गप्प झाला असेल तर "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का" असं विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याचं ओझं हलकं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. तालुक्याच्या कॉलेजात तो माणूस येईल तेव्हा येईल. तोवर वर्गातलं हे बोलणं हीच पहिली मदत.

पाळी, लैंगिक संबंध, गर्भनिरोधन यांचं पान उलटून पुढे जायची आपली सवय अजून गेलेली नाही. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली आहेत. म्हणजे प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेल्या काही मुलींच्या मैत्रिणी आई झालेल्या असतात. त्यांच्यासमोर हा विषय कोवळ्या वयाचा कसा? एचआयव्हीबद्दल आमच्या जिल्ह्यानं महाराष्ट्राला बरंच शिकवलं आहे. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नगरमध्ये 'स्नेहालय' सुरू केलं ते लालबत्ती भागातल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी, आणि पुढे एचआयव्हीबाधितांना आसरा दिला. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारनं पाण्याचा हिशेब मांडला तसा लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचाही नियम गावात केला. दुसरीकडे २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो की तपासणीला त्या माणसाची समजून दिलेली संमती हवीच. गावाचं हित आणि माणसाची संमती, दोन्ही खरी. अठरा वर्षांच्या मुलांना वर्गात यावर वाद घालू द्या. आरोग्य म्हणजे फक्त जीवनसत्त्वांची यादी नव्हे, हे त्यांना मी किंवा पुस्तकानं सांगण्यापेक्षा असं लवकर समजेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात त्यांनी काम केलं, अमेरिकेत जाऊन जनआरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिले. दुष्काळी, रस्ते नसलेला, नगरपेक्षा बीडला जवळचा वाटणारा तालुका. त्या काळात त्या गावांमध्ये जन्मलेल्या हजार मुलांपैकी पहिल्या वर्षात १७६ दगावत होती. आरोळ्यांनी आधी प्रशिक्षित नर्स गावात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. शिकलेल्या मुलीला परक्या गावात एकटं राहणं कठीण होतं आणि गावही तिच्याशी मोकळं होत नव्हतं. मग गावानंच आपली एक बाई निवडावी असं ठरलं. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळ जणी दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, एकत्र शिकत, एकत्र जेवत आणि परत गावी जाऊन पुढच्या आठवड्यापर्यंत काम करत.

त्या काय शिकत ते नीट पाहिलं पाहिजे. पहिला धडा शरीराचा नव्हता. स्वतःचं नाव मोठ्यानं, मान वर करून सांगायचं, इथून सुरुवात होती. मग हगवण लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, मुलाचं वजन कसं करायचं, बाळंतपणात ब्लेड आणि दोरा का उकळायचा, कुष्ठरोगाचा डाग कसा ओळखायचा. प्रत्येक तासाला गेल्या आठवड्यात गावात काय घडलं हे प्रत्येकीनं सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर शोधायचं. माहिती थोडी, पण पक्की, आणि लगेच वापरायची. पुढल्या आठवड्यात तुझ्या गावातल्या त्या बाळाचं काय झालं, असा प्रश्न येणार हे माहीत असल्यावर कुणाचं लक्ष एसटीकडे जाईल?

आणि आरोग्य दवाखान्यापाशी थांबलं नाही. दुष्काळात कूपनलिका घ्यायच्या ठरल्या तेव्हा अनेक ठिकाणी त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवं तर तिथे जावं लागलं. शेतकरी मंडळं झाली, महिला मंडळं झाली, झाडं लावली गेली. वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूचा आकडा तिशीच्या खाली आला. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे जगानं प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला, तेव्हा ज्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जात होतं त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर आशा सेविका आल्या, त्यामागे जामखेडसारख्या कामांची शिदोरी आहे. मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य सेविका १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की ही महाग आहेत, आमच्या हाताला लागत नाहीत. आम्ही पणत्या आहोत, स्वस्तातल्या, पण एकीवरून दुसरी पेटते. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम पुढची पिढी चालवते आहे, आणि जगभरातून विद्यार्थी तिथे शिकायला येतात.

मला राहून राहून वाटतं, की वैयक्तिक आरोग्याचा अभ्यासक्रम आमच्या जिल्ह्यात शोधायची गरजच नव्हती. तो इथे पन्नास वर्षांपूर्वी लिहिला गेला, निरक्षर बायकांच्या तोंडून. त्यातून दोन सूत्रं घ्यावीत. एक, जे शिकशील ते या आठवड्यात कुणासाठी तरी वापर. दोन, तुझं आरोग्य तुझ्या एकट्याच्या हातात नाही हे ओळख, आणि जे आहे ते सोडू नकोस. कॉलेजातली मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. का? कारण कॉलेजच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही. मग लघवीला जळजळ होते, ताप येतो. पुस्तक तिला सांगतं रोज आठ ग्लास पाणी प्या. तिला पाणी प्यायचं कळतं. वर्गानं मिळून त्या कडीचा अर्ज प्राचार्यांना द्यायला हवा, आणि त्या अर्जाला गुण असायला हवेत.

शिकवायचं कुणी, हा पुढचा प्रश्न. सध्या ते काम बहुधा शारीरिक शिक्षण संचालकांच्या गळ्यात पडतं. काही ठिकाणी ते पद रिकामं असतं आणि तासिका तत्त्वावरचा एखादा तरुण मराठीसोबत हाही तास घेतो. मला यात आशेलाही जागा दिसते. लोणीला प्रवरेचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरला आयुर्वेदाचं जुनं महाविद्यालय आहे, दर तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, आणि प्रत्येक गावात आशाताई आहे. आशाताईला वर्गात बोलावून खुर्ची द्यावी आणि तिला मानधन द्यावं, असं मला फार वाटतं. तिच्याकडे वही असते, तिला गावातली प्रत्येक गरोदर बाई ठाऊक असते. ज्यांच्या नावाच्या पुणे विद्यापीठाशी आमची कॉलेजं जोडलेली आहेत त्या सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला नगरला मिशनरी सिंथिया फरार यांच्या शाळेत आल्या होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. शिक्षण आणि आरोग्य हे दोन विभाग आहेत असं त्यांना कधी वाटलं नसणार.

परीक्षेची रीत बदलली नाही तर यातलं काहीच होणार नाही. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांत 'ब-१२ जीवनसत्त्व कशातून मिळते' याला गुण मिळतात. पण शाकाहारी घरात ते कमी पडतं, हातापायाला मुंग्या येतात आणि त्यावर स्वस्त गोळी आहे, हे घरी नेलेलं ज्ञान मोजलं जात नाही. मी ज्या सरांच्या तासाला बसलो होतो त्यांनी यावर स्वतःपुरता मार्ग काढला आहे. प्रत्येकाकडे शंभर पानी वही. पहिल्या पानावर स्वतःचे आकडे: उंची, वजन, पोटाचा घेर, हिमोग्लोबिन, रक्तदाब, तोंडात किती बोटं जातात. दुसऱ्या पानावर घरातल्या दोन माणसांचे तेच आकडे, त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर. पुढच्या पानांवर, कोणत्या आकड्यासाठी काय केलं आणि महिन्यानं तो किती झाला. वही सर स्वतः तपासतात आणि कुणाची वही कुणाला दाखवत नाहीत.

मी दोन-तीन वह्या मुलांच्या परवानगीनं चाळल्या. एका मुलीनं आजीचा रक्तदाब आशाताईकडून मोजून घेऊन १७० वर १०० लिहिला होता आणि खाली पेन्सिलीनं 'लोणचं बंद केलं, पण आजी लपून खाते'. एका मुलानं रात्री उसाला पाणी द्यायला जाताना गमबूट घ्यायचे असं लिहून किंमत टाकली होती, कारण वीज रात्रीचीच असते आणि बांधावर घोणस असते. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हे त्याखाली अधोरेखित.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाची वही मी मागितली नाही. सरांनी एवढंच सांगितलं की तो तालुक्याच्या दवाखान्यात दंतवैद्याकडे एकदा जाऊन आला आहे, मावा सुटलेला नाही, पण दिवसाला सातावरून तीनवर आलाय आणि वहीत रोज खरं लिहितो.

सरांची सध्याची अडचण वेगळीच आहे. तास शेवटचा आहे. पाऊणची गाडी चुकली की पुढची अडीचला, म्हणून लांबच्या वाड्यांवरच्या मुली साडेबाराला उठतात, आणि ज्यांना हा तास सर्वांत जास्त हवा त्याच अर्ध्या तासाला नसतात. पुढच्या सत्रात हा तास सकाळी पहिला ठेवावा असा अर्ज त्यांनी वेळापत्रक समितीकडे दिला आहे. खाली मुलींच्या सह्या आहेत. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.